अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर पोट दुखते तेव्हा

अपेंडिक्सचे ऑपरेशन होऊन माणूस घरी आला की गल्लीतली चार माणसे बघायला येतात. त्यांच्या तोंडून दोन वाक्ये हमखास निघतात. एक, "पोट फाडलंय, दुखणारच आता." दुसरे, "मूळच काढून टाकलं, आता कशाला दुखेल?" दोन्ही अर्धी खरी आहेत, आणि दोन्हींवर विसंबून माणसे अडचणीत आलेली आम्ही पाहिली आहेत. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर ऑपरेशनच्या आधीच्या नव्हे, नंतरच्या पोटदुखीबद्दल लिहीत आहोत.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. ओळखीच्या घरातला एकोणीस वर्षांचा मुलगा, घरोघर पार्सल पोचवणारा. पोटात दुखत होते ते गॅस आहे म्हणून त्याने तीन दिवस अंगावर काढले, कारण सुट्टी घेतली की त्या दिवसाचे पैसे नाहीत. ऑपरेशन झाले तेव्हा अपेंडिक्स फुटलेले होते. पाचव्या दिवशी घरी सोडले. सहावा-सातवा दिवस बरा गेला. आठव्या दिवशी ओटीपोटात जड वाटू लागले, सारखे शौचाला जावे लागे, पण होई थोडेसेच, शेंबडासारखे. संध्याकाळी अंगात कणकण. घरच्यांना वाटले, भेटायला आलेल्यांनी भजी आणली होती, तीच बाधली. जवळच्या दवाखान्यातून जुलाब थांबवायची गोळी आणि एक इंजेक्शन घेऊन आले. त्यात दोन दिवस गेले. अकराव्या दिवशी हुडहुडी भरून ताप १०३ वर गेला तेव्हा मावशीने, जी स्वतः आयाचे काम करते, कोणाचे न ऐकता त्याला रिक्षात घातले. सोनोग्राफीत ओटीपोटाच्या तळाशी पू साठलेला दिसला. बाहेरून सुई घालून, नळी ठेवून तो काढला. मुलगा बारा दिवस पुन्हा खाटेवर होता. वाचला.

नंतर आम्ही त्याची पिशवी उघडून पाहिली. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत स्पष्ट लिहिले होते की अपेंडिक्स फुटले होते, आणि ताप, उलटी किंवा जुलाब झाले तर ताबडतोब परत यावे. घरात बारावीला असलेली बहीण ते सहज वाचू शकली असती. कार्ड औषधांच्या पाकिटांखाली घडी करून पडले होते. तिला कोणी दिलेच नाही, आणि तिनेही मागितले नाही.

तेव्हा पहिले काम हे. दवाखान्यातून निघण्याआधी सिस्टर किंवा डॉक्टरांना विचारा, अपेंडिक्स फुटले होते की नुसते सुजले होते? यावर पुढचे बरेच काही अवलंबून आहे. न फुटलेले असेल तर पोटात पू होण्याची शक्यता फार कमी. फुटले असेल, आत घाण पसरली असेल, तर पहिले दोन आठवडे डोळ्यांत तेल घालून राहायचे. ऑपरेशन दुर्बिणीने झाले की चीर देऊन, टाके काढायचे आहेत की विरघळणारे आहेत, दाखवायला कधी यायचे, रात्री त्रास झाला तर कुठल्या नंबरवर फोन करायचा, हेही विचारा. डॉक्टर घाईत असले तरी विचारा. आणखी एक गोष्ट आपल्याकडे राहून जाते. काढलेले अपेंडिक्स तपासणीसाठी लॅबला पाठवतात, त्याचा रिपोर्ट आठ-दहा दिवसांनी येतो. क्वचित त्यात गाठ निघते. तो रिपोर्ट आणायला कोणी जात नाही. टाके काढायला जाल तेव्हा तो मागून घ्या.

अपेंडिक्स म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. लहान आतडे संपून मोठे आतडे सुरू होते तिथे, पोटाच्या उजव्या खालच्या भागात, करंगळीएवढी एक बंद नळी लोंबते. तिचे तोंड घट्ट मळाच्या खड्याने किंवा सुजेने बंद झाले की आत जंतू वाढतात. दुखणे बहुधा बेंबीपाशी सुरू होते आणि काही तासांनी उजवीकडे खाली सरकते. ऑपरेशनमध्ये ही नळी बुंध्याशी बांधून कापतात. पूर्वी उजव्या बाजूला दोन-तीन इंचांची चीर देऊनच हे होत असे. १९८० साली जर्मनीत कुर्ट झेम या डॉक्टरांनी दुर्बिणीने अपेंडिक्स काढून दाखवले, तेव्हा त्यांच्याच क्षेत्रातल्या लोकांनी त्यांना वेड्यात काढले होते. आज तीन छोट्या भोकांतून होणारे हे ऑपरेशन जिल्ह्याच्या ठिकाणीही होते.

आता दुखण्याकडे येऊ. मराठीत दुखण्याला शब्द पुष्कळ आहेत, आणि डॉक्टरांसमोर ते वापरायला आपण उगाच लाजतो. "पोटात दुखतंय" एवढेच सांगण्यापेक्षा चमक येते, ओढ बसते, कळ येते की ठणकते हे सांगितले तर डॉक्टरांचे अर्धे काम होते.

चमक येते ती हलताना, खोकताना, शिंकताना, हसताना. पोटाच्या भिंतीचे स्नायू कापलेले किंवा ताणलेले असतात, त्यांचे हे दुखणे. निवांत पडले की थांबते. पहिले तीन-चार दिवस जास्त, मग रोज थोडे कमी. खोकला आला तर उशी किंवा घडी केलेली चादर टाक्यांवर दाबून धरावी, म्हणजे चमक निम्मी होते. जमिनीवर अंथरूण असेल तर सरळ उठून बसू नये. आधी कुशीवर वळावे, गुडघे दुमडावेत, हाताने जमीन रेटून उठावे. ओढ बसते ती टाक्यांच्या जागी, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातसुद्धा. व्रणाखाली दोरीसारखे कडक लागते, कातडी बधिर वाटते, खाज येते. हे भरून येण्याचे दुखणे आहे. काही आठवड्यांत व्रण मऊ पडतो, बधिरपणा मात्र काहींना जास्त दिवस राहतो.

कळ येते आणि जाते, पोटात गुडगुडते, वारा सरला की बरे वाटते. हे आतड्यांचे. भुलीने आणि ऑपरेशनच्या हाताळणीने आतडी एक-दोन दिवस सुस्तावतात, मग हळूहळू चालू लागतात. त्यात काही कडक वेदनाशामक गोळ्या शौच घट्ट करतात. तीन-चार दिवस शौच नाही, पोट तडस लागल्यासारखे, आणि मग कुंथायला जावे तर टाक्यांना ओढ. यावर उपाय चालणे हाच. घरातल्या घरात, गल्लीच्या टोकापर्यंत, दिवसातून पाच-सहा वेळा. पाणी भरपूर. डॉक्टरांना विचारून रात्री पाण्यातून इसबगोल. एरंडेल किंवा जुलाबाची गोळी मनाने घेऊ नये. कोणी पोट चोळून द्यायला आले तर हात जोडून नको म्हणावे. पोट तापवून शेकूही नये.

दुर्बिणीचे ऑपरेशन झालेल्यांना एक दुखणे फार घाबरवते, ते खांद्याचे. पोटाचे ऑपरेशन आणि दुखतो खांदा, म्हणजे हृदयाचेच काही झाले असे वाटते. दुर्बीण घालण्यासाठी पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून ते फुगवतात. शेवटी तो काढला तरी थोडा राहतो आणि छाती-पोटाच्या मधल्या पडद्याला टोचतो. त्या पडद्याची आणि खांद्याची संवेदना एकाच वाटेने मेंदूकडे जाते, म्हणून दुखणे खांद्यात जाणवते. दोन-तीन दिवसांत ते जाते. मात्र छातीत दाबल्यासारखे होत असेल, घाम सुटत असेल, धाप लागत असेल, तर ते वायूचे आहे असे घरी ठरवू नये, लगेच दवाखाना गाठावा.

राहिला ठणका. नाडीसारखा ठोके देत दुखणारा, निवांत पडल्यावरही न थांबणारा, रात्री झोपू न देणारा. हा सोसायचा नाही. टाक्यांच्या जागी ठणका, लाली, गरमपणा, सूज, पिवळा किंवा घाण वासाचा स्राव म्हणजे जखमेत पू झाला. वेळेत दाखवले तर एखादा टाका सोडवून, धुऊन, ड्रेसिंग करून बहुतेक वेळा तो बरा होतो. ठणका पोटाच्या आत असेल तर गोष्ट गंभीर. पू साचायला काही दिवस लागतात, म्हणून हे दुखणे बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास, माणूस घरी आल्यावर उठते. बरे होत चाललेले दुखणे पुन्हा वाढू लागले, ही खूण लक्षात ठेवायची. दुखण्याचा आकडा कितीही असो, त्याची दिशा बघा. कालच्यापेक्षा आज कमी असेल तर चालू द्या. कालच्यापेक्षा आज जास्त असेल तर दाखवा.

पू ओटीपोटाच्या तळाशी साचला तर तो गुदाशयाला आणि मूत्राशयाला चाळवतो. म्हणून सारखे शौचाला लागते, शेंबूड पडतो, लघवी वारंवार होते. त्या मुलाचे हेच झाले. फुटलेल्या अपेंडिक्सनंतरचे जुलाब म्हणजे बाहेरचे बाधले असे धरू नका.

याशिवाय या गोष्टींसाठी सकाळची वाट पाहू नये: १००.४ फॅरनहाइटच्या पुढे ताप किंवा हुडहुडी, पोट दगडासारखे कडक होणे, हिरव्या उलट्या, पोट फुगून शौच आणि वारा दोन्ही बंद होणे, लघवी अडकणे, चेहरा पांढराफटक पडून चक्कर येणे, एका पोटरीला सूज व दुखणे, अचानक धाप. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका फुकट येते. गाडी गल्लीत शिरत नसेल तर रुग्णाला खुर्चीत बसवून चौघांनी मोठ्या रस्त्यापर्यंत न्यावे. शक्यतो जिथे ऑपरेशन झाले तिथेच जावे, कार्डासकट.

म्हातारी माणसे आणि मधुमेह असलेले यांच्याबाबत वेगळी खबरदारी हवी. त्यांच्यात पू असूनही ताप थोडाच येतो आणि दुखणेही कमी असते. ती नुसती मलूल होतात, जेवत नाहीत, बरळतात. लहान मूल सांगू शकत नाही. ते पाय पोटाशी घेऊन पडून राहते, उचलले की रडते. बायकांचे आणखी वेगळे. पाळी ऑपरेशननंतर पुढे-मागे होऊ शकते आणि तिच्या कळा नेहमीपेक्षा जास्त वाटतात. पण "पाळीचं असेल" म्हणून ताप अंगावर काढणाऱ्या बायका आमच्या वस्त्यांत फार आहेत. ताप असेल तर ते पाळीचे नाही.

गोळ्यांबद्दल. पॅरासिटामॉल हे या दुखण्याचे मुख्य औषध. मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची गोळी लिहून देतात. दोन गोळ्यांमध्ये निदान सहा तास जाऊ द्यावेत आणि कार्डावर लिहिल्यापेक्षा जास्त घेऊ नयेत. २४ तासांत चार ग्रॅम ही धडधाकट माणसाची कमाल हद्द आहे. अशक्त माणसाचे किंवा दारूने यकृत खराब झालेल्याचे प्रमाण त्याहून कमी. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या पुष्कळ गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच, म्हणून दोन वेगळी नावे बघून दोन्ही घेऊ नका. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या उपाशीपोटी नकोत. पित्त, मूत्रपिंडाचा त्रास किंवा दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. आणि एक साधी युक्ती. पॅरासिटामॉल ताप उतरवते, त्यामुळे आतला ताप झाकला जातो. गोळी घेण्याआधी थर्मामीटर लावा आणि आकडा वहीत लिहा. दोनेकशे रुपयांचा थर्मामीटर प्रत्येक घरात नसला तरी विहारात एक असायला काय हरकत आहे?

प्रतिजैविकांचा कोर्स दिला असेल तर बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये. त्यात मेट्रोनिडाझोल ही गोळी बऱ्याचदा असते. तिने तोंड कडू-कडवट होते, मळमळते, हे तिचे नेहमीचे लक्षण आहे. तिच्यावर दारू घेतली तर उलट्या, चेहरा लाल, धडधड होऊ शकते. पाचवे शील आणि बावीस प्रतिज्ञांतली दारूची प्रतिज्ञा आपण विहारात म्हणतो, पण प्रत्येक घरात पाळली जाते असे धरून आम्ही हे पान लिहू शकत नाही. "दुखतंय म्हणून थोडी घेतली" हे आम्ही ऐकलेले आहे. विडी आणि मिश्रीही या काळात बंद हवी. धुराने खोकला येतो, तंबाखूने जखम उशिरा भरते.

खाण्याबद्दल जितके गैरसमज आहेत तितके कशाबद्दल नसतील. भाताने टाके पिकतात, डाळीने पिकतात, अंड्याने पिकतात, वांग्याने तर पिकतातच! टाके पिकतात ते जंतूंनी. भाताने टाके पिकत असते तर कोकणात एकही जखम भरली नसती. उलट जखम भरायला प्रथिने लागतात, आणि आपण नेमकी डाळ आणि अंडी बंद करून माणसाला नुसत्या पेजेवर ठेवतो. पहिले एक-दोन दिवस पाणी, पेज, पातळ वरण. वारा सरू लागला, भूक लागली की मऊ भात, मुगाचे वरण, उकडलेले अंडे, मासळीचे किंवा कोंबडीचे पातळ कालवण, केळे, ताक. तेलकट आणि मसालेदार पदार्थ आठवडाभर दूर ठेवावेत, कारण त्यांनी गॅस होतो आणि मग दुखणे कशाचे ते कळत नाही. टाक्यांवर हळद, राख, अंगारा यांतले काही लावू नये. ड्रेसिंग कोरडे ठेवावे आणि अंघोळ डॉक्टर सांगतील तेव्हापासून करावी.

विश्रांतीचा प्रश्न निघाला की आम्हांला महावग्गातला जीवक आठवतो. तथागतांचा हा वैद्य. वाराणसीच्या श्रेष्ठीपुत्राच्या आतड्याला गाठ पडली होती, ती त्याने पोट उघडून सोडवली आणि पुन्हा शिवून लेप लावला, असे तिथे सांगितले आहे. दुसऱ्या एका गोष्टीत राजगृहाच्या श्रेष्ठीच्या डोक्याचे ऑपरेशन करण्याआधी जीवक त्याच्याकडून कबूल करून घेतो, की एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने आणि पाठीवर सात महिने पडून राहशील. श्रेष्ठी प्रत्येक कुशीवर सात दिवसांतच कंटाळतो. एकवीस दिवसांनी जीवक त्याला सांगतो, तू बरा झालास, पण मी महिने सांगितले नसते तर तू इतके दिवसही पडून राहिला नसतास! रोगी ओळखणारा वैद्य. आजचे डॉक्टर मात्र उलटे सांगतात, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उठून चाला. पडून राहिले की पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, फुप्फुसात कफ साचतो, आतडी सुस्त राहतात. जागेपणी तासाला दहा खोल श्वास घ्यावेत. आनापानात श्वास जसा आहे तसा पाहायचा असतो, इथे मात्र मुद्दाम छाती भरून घ्यायचा.

चालायचे, पण उचलायचे नाही. आपल्या वस्त्यांत खरी अडचण इथेच येते. दुर्बिणीनंतर हलके काम एक-दोन आठवड्यांत, चीर दिली असेल तर दोन ते चार आठवड्यांत सुरू करता येते. जड उचलणे मात्र चार ते सहा आठवडे बंद. जड म्हणजे किती? पाच किलोच्या वर सगळेच जड समजा. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी आणि वर हंड्याचे वजन. दोन वर्षांचे मूल दहा-बारा किलोचे. सिमेंटचे घमेले, भंगाराचे पोते, लादी पुसण्याची भरलेली बादली हे सगळे त्यात आले. आत शिवलेला थर पक्का व्हायच्या आधी जोर पडला तर तिथून पुढे आतडे बाहेर डोकावते, म्हणजे हर्निया. पोटमाळ्याची शिडीही पहिले दोन आठवडे नको. सार्वजनिक शौचालयात डबा भरून न्यायचा तो दुसऱ्या कोणीतरी न्यावा. उकिडवे बसायला त्रास होत असेल तर मधोमध भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची घरात ठेवली तरी चालते, यात लाजण्यासारखे काही नाही.

पण नळाला पाणी पहाटे चारला येते आणि ते बाईच भरते, हे डॉक्टरांना माहीत नसते. एका वस्तीत महिला मंडळाने अशा घरासाठी महिनाभराची पाळी लावली, रोज एक बाई दोन हंडे जास्तीचे भरायची. जिथे ऑपरेशन झालेली बाई तिसऱ्या आठवड्यात स्वतः हंडा उचलते, तिथे घरातले पुरुष काय करत असतात असा प्रश्न आम्हांला पडतो. १४ एप्रिलच्या मिरवणुकीला तिसऱ्या आठवड्यात जाऊ का, असेही विचारतात. चालत जाऊन अभिवादन करून या. नाचू नका, गर्दीत धक्के खाऊ नका, पताकांचे बांबू दुसऱ्यांना धरू द्या.

रजेचे म्हणाल तर कारखान्यात, दुकानात, कंत्राटदाराकडे काम करणाऱ्यांनी आपला ईएसआय कापला जातो का ते पाहावे. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना तो लागू होतो. सहा महिन्यांच्या वर्गणी काळात निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणात पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री असताना, १९४४ साली अडारकरांनी या योजनेचा अहवाल दिला आणि १९४८ साली त्याचा कायदा झाला. दाखला ईएसआयच्या डॉक्टरांकडून घ्यावा लागतो, म्हणून ऑपरेशन बाहेर झाले असले तरी कागद घेऊन लवकर जावे.

आता "मूळच काढलं, आता कशाला दुखेल" या म्हणण्याकडे येतो. पोटाच्या कुठल्याही ऑपरेशननंतर आतल्या आत आतडी एकमेकांना किंवा पोटाच्या भिंतीला चिकटू शकतात. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. काहींना मात्र महिन्यांनी, कधी दहा-वीस वर्षांनीही, त्या चिकटलेल्या पट्ट्यात आतडे अडकते. कळांवर कळा, उलट्या, पोट फुगणे, शौच-वारा बंद, अशी तेव्हा लक्षणे दिसतात. वेळ घालवला तर आतडे काळे पडते. फार क्वचित, अपेंडिक्सचा बुंधा लांब राहिला असेल तर त्यालाच पुन्हा सूज येते, आणि "अपेंडिक्स काढलंय" म्हणून ते कोणाच्या लक्षात येत नाही. व्रणाजवळ उभे राहिल्यावर फुगवटा येत असेल आणि आडवे झाल्यावर जात असेल, तर तो हर्निया. तो सवडीने दाखवावा. फुगवटा आत जाईना, दुखू लागला, उलटी झाली, तर त्याच तासाला.

अशा वेळी नव्या डॉक्टरांना पहिला प्रश्न पडतो, आधी काय ऑपरेशन झाले आणि कधी. त्या मुलाच्या आईने दोन्ही वेळची डिस्चार्ज कार्डे आता प्लास्टिकच्या पिशवीत घालून, जातीचा दाखला आणि रेशन कार्ड ठेवते त्या पत्र्याच्या पेटीत ठेवली आहेत. मुलीकडून वरच्या कागदावर मराठीत लिहून घेतले आहे, अपेंडिक्स, फुटलेले, पू काढला, आणि तारखा.